खांद : बुलेटच्या पुढच्या अंगाचं रसग्रहण

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांना कामाला जुंपत नाहीत. सकाळी त्यांना नाल्यावर नेऊन धुतात आणि संध्याकाळी खांद शेकतात. वर्षभर जिथं जू बसलं, केस झिजले, कातडी राठ झाली, ती जागा हळद आणि तुपानं चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायची. झूल, बाशिंग, गोंडे, शिंगांना रंग हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. आदला दिवस सजावटीचा नसतो, ओझ्याच्या जागेचा असतो. जिथं भार पडला तिथं माणसाचा हात पडला पाहिजे, एवढंच तो विधी सांगतो.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घाटंजी तालुक्यातल्या आमच्या घरी, अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली, बाबांची १९८६ सालची बुलेट समोरून पूर्ण उघडली. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत सगळं सुटं केलं, धुतलं, तपासलं, झिजलेलं बदललं आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा बांधलं. ही त्या दिवसाची हकिकत आहे, पण लिहायचं आहे ते रसग्रहण. आपण कवितेचं करतो, तसंच. ओळ सुटी करायची, शब्द आहे त्याच जागी का आहे हे विचारायचं, आणि ओळ पुन्हा जोडताना तिचा अर्थ आपल्यात उतरू द्यायचा, यालाच आपण जवळून वाचणं म्हणतो. त्या दिवशी मी हातांनी हेच करत होतो.

आधी रचनेचा परिचय. रॉयल एन्फिल्डनं बुलेट हे नाव पहिल्यांदा १९३२ मध्ये वापरलं. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या कारखान्याची ही गाडी १९५५ पासून मद्रासला बांधली जाऊ लागली. पुढं रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, पण मद्रासचं काम थांबलं नाही. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत असं कधी कधी होतं, मूळ गावची पोथी हरवते आणि दूरच्या मठात तिचा पाठ टिकून राहतो. बुलेटचा पाठ आपल्याकडे टिकला, इतका की १९७७ पासून ती उलट इंग्लंडला विकायला जाऊ लागली. आमच्या अंगणातली गाडी त्याच पाठाची एक प्रत आहे. तिचा पुढचा भाग जवळपास जुन्या इंग्रजी आराखड्याचाच आहे, म्हणून तो वाचताना दोन काळ आणि दोन देश एकदम हाताला लागतात.

गाडी बंद नव्हती. रोज शेतावर जात होती. पण यवतमाळच्या रस्त्याला वेग घेतला की ती किंचित डावी-उजवी करायची, जणू रस्त्यावरची तिची नजर ढळत होती. खड्ड्यात चाक गेलं की हँडलच्या मुळाशी टक् असा आवाज यायचा. फोर्कमधून तेल झिरपून खालच्या पायांवर धुळीचा थर बसला होता. हँडल हळू फिरवलं तर बरोबर मधोमध ते क्षणभर अडायचं, मग सुटायचं. बोलता बोलता एखादा माणूस दर वेळी एकाच शब्दापाशी थांबावा तसं. तो शब्द कोणता, हे पाहायला मी गाडी सेंटर स्टँडवर चढवली, इंजिनाखाली सागाचा ओंडका सरकवला आणि पुढचं चाक जमिनीवरून उचललं.

बाबा बैल धुवायला निघाले होते. थांबून म्हणाले, "आज खांद शेकाचे हायेत, अन् तू गाडी कायले खोलून बसला?"

मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत होते बाबा."

ते काही बोलले नाहीत. बैल घेऊन गेले.

कोणतीही रचना आधी आपल्याला तिचा चेहरा दाखवते. बुलेटचा चेहरा म्हणजे हेडलाईटचं घर. रेडिचच्या लोकांनी १९५४ च्या मॉडेलांपासून हेडलाईट, स्पीडोमीटर, अ‍ॅमीटर आणि फोर्कची वरची पकड हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच ओतीव भागात बसवलं आणि त्याला कास्केट असं नाव दिलं. फ्रेंचमध्ये कास्केट म्हणजे समोर झड असलेली टोपी. हेडलाईटवर ती झड आजही आहे, आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहान दिवे आहेत, ज्यांना आपल्याकडे टायगर लॅम्प म्हणतात. दुरून हा भाग निव्वळ देखणा वाटतो. पण खोलायला घेतलं की कळतं, याच टोपीच्या पोटात आटे आहेत आणि फोर्कचे दोन्ही पाईप वर येऊन त्याच आट्यांत घट्ट बसतात. म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका चढत चढत शेवटी या चेहऱ्यापर्यंत पोचतो. चांगल्या कवितेत अलंकार वरून चिकटवलेला नसतो, ओळीचा भार तोच पेलतो. कास्केट तसा अलंकार आहे. तो काढला तर गाडीची शोभा जाईल, आणि गाडी उभीही राहणार नाही.

स्पीडोमीटरशेजारचा अ‍ॅमीटर हा या चेहऱ्यावरचा माझा आवडता शब्द. इंजिन मंद चालू असलं की त्याचा काटा मध्याच्या आसपास थरथरतो. बॅटरीत वीज जमा होते आहे की खर्ची पडते आहे, हे तो सांगतो. जमा आणि खर्च दोन्ही डोळ्यांसमोर ठेवणारी ही गाडी आहे, मालकापासून काही लपवत नाही. वायरी सोडण्याआधी प्रत्येक वायरीला मी कागदाची पट्टी बांधली आणि वहीत आकृती काढली. जुन्या गाडीच्या कामात अर्ध्या चुका जोडताना होतात, कारण खोलताना आपण नोंद ठेवलेली नसते.

नट सोडू लागलो तेव्हा समासातल्या नोंदी दिसायला लागल्या. जुन्या पुस्तकाच्या कडेला आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं काही खुणा करून ठेवलेल्या असतात, तशा खुणा यंत्रावरही राहतात. या गाडीचे बरेच नट-बोल्ट जुन्या ब्रिटिश मापाचे. मिलिमीटरचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की घसरतो, आणि नटाचे सहा कोपरे गोल होतात. दोन नट तसे गोल झालेले होते. एकावर छिन्नी मारल्याची खूण होती. कोणीतरी, कधीतरी, हाताशी होतं त्याच हत्यारानं काम भागवलं होतं. एक नोंद मात्र मनाला भावली. हँडल जिथं कास्केटवर क्लॅम्पनं धरलं जातं तिथं आत पत्र्याची बारीक पट्टी निघाली. तेलाच्या किंवा तुपाच्या डब्याची असावी, नीट कापलेली, कडा कानशीनं घासलेल्या. हँडल फिरू नये म्हणून कोणीतरी झिजलेल्या जागेत ती भरली होती, आणि ती अजून काम करत होती.

ती पट्टी हातात धरली तेव्हा रॉबर्ट पर्सिगची आठवण झाली. त्याचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' १९७४ मध्ये आलं, त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. १९६८ मध्ये मुलाला मागं बसवून त्यानं मिनेसोटा ते कॅलिफोर्निया असा जो प्रवास केला, त्यावर ते उभं आहे. तरुणपणी पर्सिग बनारसला तत्त्वज्ञान शिकायला आला होता, हेही आपल्याला जवळचं वाटावं असं. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. सोबतच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होऊन सरकायला लागतं. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घालू, अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, गंजत नाही, छान बसेल. मित्राला ते अपमानासारखं वाटतं. इतक्या भारी गाडीत डब्याचा पत्रा! निवेदकाला पट्टीचा गुण दिसतो, मित्राला तिचं कूळ दिसतं. पुस्तकाचा सगळा झगडा या एका पट्टीत आहे.

आपल्याकडे तो झगडा नाही. विदर्भातल्या कोणत्याही गावात पत्र्याची पट्टी घालायला कोणाला लाज वाटत नाही, आणि ही आपली खरी श्रीमंती आहे. आपला धोका उलटा आहे. पट्टी कुठं चालते आणि कुठं मुळीच चालत नाही, ही रेघ आपण पुसून टाकतो. त्याच गाडीत ती रेघ पुसलेली जागाही मला दुपारी सापडली. तिथं येतोच.

चाक, मडगार्ड, मग फोर्कचे पाय, असा क्रम होता. मडगार्डच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा थर वाळून दगड झाला होता. आमच्या जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला ही माती वेगळी सांगावी लागत नाही. ओली झाली की फुगते, चाकाला धरते, मडगार्ड आणि टायरच्या मधली जागा भरून टाकते आणि शेवटी चाक फिरूच देत नाही. उन्हाळ्यात तीच माती भुकटी होऊन फोर्कच्या पाईपावर बसते. पाईप खाली-वर होताना ती भुकटी ऑइल सीलच्या ओठावर घासली जाते. सील म्हणजे रबराची एक कडी, तिचा ओठ पाईपला हलकेच बिलगून असतो. त्या ओठाला एकदा चीर गेली की तेल बाहेर यायला आणि पाणी आत जायला वाट मिळते. खालची बूचं काढली तेव्हा उजव्या पायातून काळंकुट्ट तेल आलं, डाव्यातून आलं ते ताकासारखं पांढुरकं, पाणी मिसळलेलं. मापात प्रत्येक पायाला सुमारे २०० मिलिलीटर हवं. दोन्हीकडून मिळून तेवढं भरलं.

इथं या रचनेचं पहिलं मर्म आहे. मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंग असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकट्या स्प्रिंगनं भागत नाही. स्प्रिंग धक्का घेते आणि घेतलेला सगळा परत देते. दाबली गेली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. खड्डा मागं पडला तरी गाडी त्या खड्ड्यातच नाचत राहते. जुन्या गर्डर फोर्कच्या काळात हे नाचणं आवरायला चकत्यांचं घर्षण वापरत. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १२ आणि आर १७ या गाड्यांनी तेलानं आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला. एका नळीत दुसरी नळी सरकते आणि आतलं तेल अरुंद वाटेनं जायला भाग पडतं. त्या अरुंद वाटेवर धक्क्याची ताकद उष्णतेत बदलून संपते. स्प्रिंग सोसते, तेल जिरवतं. सोसणं आणि जिरवणं यांतला फरक मला आजवर इतक्या स्वच्छपणे कोणी सांगितला नव्हता. नुसतं सोसणारा माणूस आज ना उद्या उसळतो. जिरवायला आत काहीतरी हवं, आणि ते वेळोवेळी बदलायलाही हवं. वीस-वीस वर्षं जुनं, पाणी झालेलं तेल काहीही जिरवू शकत नाही.

पाईप वाकलेले आहेत का, हे पाहायला घरातल्या जुन्या कपाटाची काच उपयोगी पडली. सपाट काचेवर पाईप ठेवून बोटानं हलकेच लोटायचा. सरळ असेल तर तो शांत, एका सुरात गडगडत जातो. वाकला असेल तर दर फेऱ्याला कुठंतरी उचलला जातो आणि काच आणि पाईप यांच्यामधून उजेडाची फट दिसते. दोन्ही पाईप सरळ निघाले. डाव्यावर मात्र सील घासतो त्याच पट्ट्यात गंजाचे टोचे होते. ते पॉलिश पेपरनं घासून जाणारे नव्हते, आणि त्यावर नवा सील घातला तर तो दोन महिन्यांत फाटला असता. तो पाईप बदलला. उजवा ठेवला. पुनरुज्जीवन म्हणजे सगळं नवं घालणं नव्हे. ज्याच्यात अजून काम उरलं आहे त्याला ओळखणं, ही त्यातली अवघड आणि आदराची बाजू आहे.

चाकाचं वाचन कानांनी करायचं असतं. १९ इंची रिम, ४० स्पोक. पान्याच्या टोकानं एकेका स्पोकवर हलकी टिचकी मारत गेलं की ताणलेला स्पोक खणखणीत बोलतो, ढिला पडलेला बद्द वाजतो. तंबोरा लावणारा बसतो तसं चाकापुढं बसायचं. तीन स्पोक ढिले होते. ते थोडे थोडे कसत, चाक फिरवत, फोर्कला बांधलेल्या तारेच्या टोकापासून रिम किती हलते ते पाहत आउट काढला. इथं घाई केली तर एक बाजू ओढून घेताना दुसरी जाते. पाव फेरा कसायचा, फिरवायचं, पाहायचं.

ब्रेकच्या ड्रमपाशी एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची भुकटी फुंकून उडवायची नाही, ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि घातक ठरते. ओल्या कापडानं पुसून ते कापड वेगळं बांधून टाकायचं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर झुकतं, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो. आणि आपल्याकडे पुष्कळ लोक पुढच्या ब्रेकला घाबरून आयुष्यभर मागच्यावर गाडी थांबवतात. लायनरवर फोर्कमधून झिरपलेलं तेल लागलं होतं. तेल प्यायलेला लायनर धुऊन सुधारत नाही. नवे घातले.

आता या रचनेचा गाभा. चाक गेलं, पाय गेले, शेवटी हँडल आणि फोर्क ज्या खुंट्यावर फिरतात तो दांडा खाली सरकवला. मेकॅनिक या जागेला कोनसेट म्हणतात. फ्रेमच्या नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी पोलादाच्या एकेक वाटीत पाव इंची छर्रे गोल बसलेले असतात, आणि त्या छऱ्यांवर गाडीचं सगळं पुढचं अंग डावी-उजवीकडे वळतं. खाली घमेलं धरलं होतं. छर्रे वाळलेल्या, काळ्या पडलेल्या ग्रीससकट त्यात पडले. डिझेलमध्ये धुऊन मोजले. वर १९ हवेत, होते १९. खालीही १९ हवेत. होते १८.

पुन्हा मोजले. घमेलं गाळून पाहिलं, शेडची जमीन चाचपली. अठराच. आधीच्या कोण्या हातानं एक छर्रा हरवला होता आणि त्याच्याशिवाय कोनसेट बांधून टाकला होता. ज्या जागी पत्र्याची पट्टी चालते ती जागा हँडलच्या क्लॅम्पची. इथं एक छर्रासुद्धा कमी चालत नाही, कारण रस्त्याचा मार सर्वांत जास्त खालच्याच वाटीवर येतो. एका छऱ्याची मोकळी जागा मिळाली की बाकीचे सरकतात, एकमेकांवर आपटतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या हिश्श्यापेक्षा जास्त भार येतो. एका गाडीत दोन वाचकांच्या दोन नोंदी सापडल्या, एक मनापासूनची आणि एक हयगयीची. दोन्हींत वस्तू अगदी लहान, पण फरक सगळा नेटकेपणाचा.

मग वाटी उजेडात धरली आणि तो अडणारा शब्द दिसला. पोलादाच्या गुळगुळीत गोल पट्ट्यावर बारीक खळगे पडले होते. छर्रे ज्या जागी सर्वांत जास्त काळ उभे राहिले, त्याच जागी. हँडल सरळ असताना छर्रे जिथं असतात, नेमके तिथं. गाडीचं आयुष्य सरळ जाण्यातच गेलं. वळणं क्षणभराची, सरळ रस्ता तासांचा. त्या सरळ रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यानं छऱ्यांना वाटीत एक अगदी हलका ठोसा दिला. लाखो ठोशांनी पोलादात घर केलं. हँडल मधोमध आलं की छर्रे आपापल्या खळग्यात बसायचे, म्हणून ते अडायचं. अडायचं म्हणून वेगात चाक स्वतःला हलकेच सावरू शकत नव्हतं, आणि गाडी भरकटल्यासारखी वाटायची. घाटंजी, पांढरकवडा, आर्णी, यवतमाळ. बाबा बियाणं, खत, दवाखाना, लग्नं, बाजार यांसाठी जिथं जिथं गेले ते सगळे रस्ते त्या वाटीत लिहिलेले होते, आणि ते वाचायला बोटाचं टोक पुरत होतं.

गाडी मुळात सरळ का जाते, हा प्रश्न इथं विचारावाच लागतो. हँडलचा दांडा तिरपा असतो. त्याची रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढं पडते. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागून ओढलं जातं, आणि ओढली जाणारी वस्तू ओढणाऱ्याच्या रेषेत येते. सरकत्या खुर्चीची चाकं खुर्ची लोटल्यावर आपोआप मागं वळतात, तसंच. त्यात फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुणही भर घालतो. पण हे दोन्ही नसले तरी दुचाकी स्वतःला सावरू शकते, असं २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी खास बनवलेल्या एका सायकलीवर दाखवून दिलं. शंभर वर्षांहून जास्त काळ जग ज्यावर बसून फिरतं आहे, त्या साध्या रचनेचा अर्थ अजून पुरता संपलेला नाही. मोठ्या कवितेचं लक्षण मी हेच मानतो. ती रोज उपयोगी पडते आणि तरी पूर्ण उलगडत नाही.

नव्या वाट्या ठोकून बसवल्या. त्यांत ग्रीस भरपूर भरलं. इथं ग्रीस वंगण तर असतंच, छऱ्यांना जागेवर धरून ठेवणारा मित्रही असतो. एकेक नवा छर्रा बोटानं दाबत बसवला, मोठ्यानं मोजत. एकोणीस. पुन्हा एकोणीस. दांडा सावकाश वर सरकवला आणि नट कसायला घेतला. सगळ्या दिवसातली सर्वांत नाजूक ओळ हीच. नट कमी कसला तर हँडलला प्ले राहतो, टक् आवाज परत येतो, आणि नवे छर्रे नव्या वाटीत लवकरच खळगे पाडतात. जास्त कसला तर हँडल जड होतं आणि गाडी डुलायला लागते. बरोबर कसं ओळखायचं? चाक हवेत असताना फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं ओढायची, काहीही हलता कामा नये. मग हँडल मधोमध धरून एका बोटानं हलकंच लोटायचं. ते आपल्याच वजनानं, कुठंही न अडता, एका बाजूला जाऊन टेकलं पाहिजे. मी चार वेळा सैल केलं, चार वेळा कसलं. पाचव्या वेळी ते पाण्यावरच्या पानासारखं वळत गेलं. ढिलं नाही, जडही नाही. या सगळ्या रचनेची लय त्या एका नटात आहे.

रसग्रहणात मर्यादाही सांगाव्या लागतात. ड्रम ब्रेक डिस्क ब्रेकइतका जोरकस नाही, घाटात आणि भर पावसात ते जाणवतं. सुट्या छऱ्यांपेक्षा टेपर रोलर बेअरिंग जास्त भार पेलतं आणि जास्त टिकतं. रोज लांबचा प्रवास असेल तर मी तेच सुचवीन. मी छर्रे ठेवले, कारण ही गाडी आता शेत आणि गावापुरती आहे, आणि हा पाठ आहे तसा राहावा असं मला वाटलं. पण जुनं जपणं म्हणजे ते काचेत ठेवणं नव्हे, हे आमच्या जिल्ह्याला शकुंतला या रेल्वेगाडीनं शिकवलं आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर या १९०३ सालच्या अरुंद रेल्वेमार्गावर मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं लोखंड आपोआप धावत नाही. रोज पहाटे कोणीतरी त्याला तेल दिलं, कोणीतरी त्याचे नट तपासले, कोणीतरी कान लावून ऐकलं. त्या माणसांची नावं पाटीवर नाहीत, पण त्यांच्या हातांची सत्तर वर्षं त्या इंजिनाच्या धावण्यात आहेत.

उन्हं कलली तेव्हा चाक जागेवर होतं, नवं तेल मापानं भरलेलं, वायरी वहीतल्या आकृतीप्रमाणे जोडलेल्या. पत्र्याची ती पट्टी स्वच्छ पुसून मी पुन्हा क्लॅम्पमध्येच घातली. ती तिथं शोभते. गाडी ओंडक्यावरून उतरवली, पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार दिला. पुढचं अंग खाली गेलं आणि एका श्वासात वर येऊन थांबलं. उसळलं नाही.

गोठ्यात तोवर खांद शेकून झाली होती. बाबा हात पुसत शेडमध्ये आले. काही न विचारता त्यांनी हँडल धरलं आणि हळू डावीकडून उजवीकडे फिरवलं. मधोमध ते अडायचं, ती जागा त्यांना पाठ होती. तिथं त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि हँडल मात्र थांबलं नाही. घमेल्यातली जुनी वाटी मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खळग्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हणजे हिचा खांदा आला होता म्हन ना."

जुवाखाली बैलाची मान सुजते, चोळवटते, तेव्हा आमच्याकडे खांदा आला म्हणतात. दिवसभर वाचून मला जो अर्थ लागला तो त्यांनी एका वाक्यात सांगितला. गाडीचं पुढचं अंग म्हणजे तिचा खांदा. समोरून येणारा रस्ता पहिल्यांदा तोच झेलतो, जिरवतो, आणि आपल्या तळहातापर्यंत पोचू देतो तो फक्त रस्त्याचा निरोप. ही रचना चांगली आहे, कारण तिच्यातला सर्वांत कष्टाचा भाग कुठंही मिरवत नाही. माझा निवाडा एवढाच.

वाचणाऱ्याला एक विनंती. तुमची दुचाकी कोणत्याही कंपनीची, कितीही नवी-जुनी असो, येत्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचं पुढचं चाक उचला. फोर्क धरून पुढं-मागं ओढून पाहा. मग हँडल मधोमध आणा आणि एका बोटानं हलकं लोटा. मध्यावर ते जरा जरी अडलं, तर तिचा खांदा आला आहे. त्या दिवशी तिला रस्त्यावर नेऊ नका, आधी कोनसेट बदला, आणि बांधण्याआधी छर्रे स्वतः मोजा.